‘नसेल तर चालवून घे’: घर चालवणारे दोन पर्ल प्रोग्रॅम आणि माझं चुकलेलं घड्याळ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी एक प्रश्न हमखास विचारते. तुमचा प्रयोग ज्या कॉम्प्युटरवर चालतो तो उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच प्रयोग उभा करायला काय काय लागेल? उत्तर बहुतेक वेळा येतं, "कोड आहे ना पेन ड्राइव्हवर." गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझंही उत्तर हेच होतं. मग एका प्रयोगात मी जवळजवळ उलटा निष्कर्ष मांडून बसणार होते, तेव्हापासून उत्तर बदललं.

म्हणून आज नेहमीसारखा एखादा पेपर समजावून सांगत नाही. दोन ओपन सोर्स प्रोग्रॅमची चिकित्सा करते. मिस्टरहाउस आणि एफएचईएम, बोलताना 'फेम'. दोन्ही पर्ल भाषेत लिहिलेले, दोन्ही घरातले दिवे, पंखे, सेन्सर वगैरे सांभाळणारे. प्रश्न एकच घेते: या प्रोग्रॅमना बाहेरची जी पर्ल मॉड्यूल्स लागतात त्यांची व्यवस्था ते कशी लावतात? प्रश्न रुक्ष वाटेल. पण तुमच्या मोजमापावर विश्वास ठेवायचा की नाही, हे पुष्कळदा इथेच ठरतं.

आधी माझा संबंध सांगते. आमच्या पांढरकवड्यात टिनाची घरं आणि स्लॅबची घरं शेजारी शेजारी आहेत. उन्हाळ्यात रात्री घराच्या आत तापमान किती राहतं, हा माझ्या कामाचा एक छोटा भाग. काही घरांत तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर लावले होते. ते वाय-फायवरून आकडे पाठवतात आणि एका जुन्या लॅपटॉपवर फेम ते गोळा करतं. फेम निवडलं कारण ते फुकट आहे, ढीगभर प्रकारच्या सेन्सरशी बोलतं, जुन्या यंत्रावर चालतं आणि इंटरनेट गेलं तरी नोंदी थांबत नाहीत. लाइट आणि नेट, दोन्हीचा भरवसा नसलेल्या गावात हे मोठं काम आहे.

डिपेंडन्सी म्हणजे नेमकं काय

पर्लमध्ये कोणी एकट्याने सगळं लिहीत नाही. तारीख-वेळ, जेसन वाचणं, सिरियल पोर्ट, सुरक्षित जोडणी, या कामांसाठी लोकांनी आधीच मॉड्यूल्स लिहून ठेवली आहेत. ती १९९५ पासून सीपॅन नावाच्या सार्वजनिक भांडारात जमा होत आली आहेत. काही मॉड्यूल्स पर्लसोबतच येतात, त्यांना कोअर मॉड्यूल्स म्हणतात. बाकीची आपण टाकून घ्यायची.

तुमच्या कोडला मॉड्यूल हवं असलं की पर्ल एका यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतं. त्या यादीचं नाव 'इंक'. पहिल्या ज्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल मिळेल, ती घेतं. कुठेच नाही मिळाली तर सांगतं की अमुक फाइल इंकमध्ये सापडली नाही, आणि थांबतं. पर्ल ५.१८ पासून त्या संदेशातच 'हे मॉड्यूल टाकावं लागेल बहुतेक' अशी सूचनाही येते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, 'पहिली मिळेल ती' हा नियम आहे. नवी किंवा चांगली मिळेल ती नाही. दोन, मॉड्यूलला स्वतःची मॉड्यूल्स लागतात. तुम्ही एक मागता, मागून वरात येते.

आणि कोअरची यादी कायमची नसते. सीजीआय हे एकेकाळी प्रत्येक पर्लसोबत येणारं मॉड्यूल ५.२२ मध्ये कोअरमधून काढलं. मॉड्यूल-प्लगेबल त्याआधी ५.२० मध्ये गेलं. ५.२६ मध्ये तर चालू फोल्डरच इंकच्या यादीतून काढला, कारण त्यातून सुरक्षेची फट राहत होती. तीनही निर्णय माझ्या मते बरोबर. पण कालपर्यंत 'आपोआप' चालणारा कोड नव्या यंत्रावर का चालत नाही, याचं उत्तर पुष्कळदा अशा निर्णयात सापडतं. कोणतं मॉड्यूल कोणत्या पर्लमध्ये आलं आणि कधी गेलं हे 'कोअरलिस्ट' ही कमांड सांगते. ती एकदा चालवून बघा.

मिस्टरहाउस: सगळा संसार सोबत

मिस्टरहाउस ब्रूस विंटर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. त्या काळी घरोघरी इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं. वापरणारा माणूस सीपॅनवर जाऊन एकेक मॉड्यूल उतरवेल ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. म्हणून त्यांनी सरळ मार्ग घेतला. लागणाऱ्या मॉड्यूल्सच्या प्रती प्रोग्रॅमच्याच 'लिब' फोल्डरमधल्या 'साइट' नावाच्या फोल्डरात ठेवल्या आणि सुरुवातीलाच तो फोल्डर इंकच्या यादीत पुढे लावला.

याचं मला मनापासून कौतुक आहे. मामाच्या गावाला जाताना आई तांब्यापासून अंथरुणापर्यंत सगळं बांधून न्यायची, तसा हा प्रकार. ओझं होतं, पण पोचल्यावर कोणाकडे मागायला जावं लागत नाही. संशोधनाच्या दृष्टीने तर हा मोठा गुण. प्रोग्रॅमची एक प्रत ठेवली की तिच्यासोबत त्या वेळची मॉड्यूल्सही राहिली. दहा वर्षांनी कोणी विचारलं, "तेव्हा जेसन कशाने वाचत होता?" तर फोल्डर उघडून दाखवता येतं.

पण तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण 'पहिली मिळेल ती' या नियमातून येते. सोबत आणलेली जुनी प्रत यादीत पुढे असली की सिस्टिमवरची नवी, दुरुस्त केलेली प्रत झाकली जाते. डेबियनने सुरक्षेची दुरुस्ती पाठवली, तुम्ही अपडेट केलं, समाधानाने झोपलात. प्रोग्रॅम मात्र अजून जुन्याच प्रतीवर.

दुसरी अडचण मुळातली. काही मॉड्यूल्सचा अर्धा भाग सी भाषेत असतो आणि तो त्या-त्या पर्लसाठी, त्या-त्या प्रोसेसरसाठी कंपाइल करावा लागतो. सिरियल पोर्टचं मॉड्यूल घ्या. असलं मॉड्यूल फोल्डरमध्ये टाकून गावोगाव नेता येत नाही. म्हणजे 'सगळं सोबत' ही हमी शुद्ध पर्लमध्ये लिहिलेल्या मॉड्यूल्सपुरतीच. आणि घर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर हार्डवेअरशी बोलणारी मॉड्यूल्सच कळीची.

तिसरी अडचण थोडी सूक्ष्म आहे, पण संशोधकाने ती बघायलाच हवी. दुसऱ्याची फाइल एकदा आपल्या फोल्डरात आली की ती कोणती आवृत्ती, कुठून घेतली, आपण तिच्यात दोन ओळी बदलल्या का, हे वेगळं लिहून ठेवलं नाही तर कळत नाही. वस्तू सोबत आहे, पण वस्तूची पावती नाही. पुनरावृत्ती करता येते. समजून घेता येत नाही.

फेम: लागेल तेव्हा बघू

फेम जर्मनीतलं. रुडॉल्फ कोनिग यांनी २००५ मध्ये लिहायला घेतलं आणि आज शेकडो मॉड्यूल्स असलेला मोठा प्रकल्प आहे. त्याची रचना मिस्टरहाउसच्या उलट आहे.

फेमची मुख्य फाइल आणि तिच्या जवळचा गाभा बाहेरच्या मॉड्यूल्सपासून जाणीवपूर्वक लांब राहतो. जेसन वाचायचं साधं फंक्शनसुद्धा मुख्य फाइलमध्ये हाताने लिहिलेलं आहे. बाहेरून पाहणारा म्हणेल, तयार मॉड्यूल असताना हा उद्योग कशाला? पण विचार करा, घराघरातल्या छोट्या रास्पबेरी पायवर, राउटरवर, जुन्या लॅपटॉपवर हा प्रोग्रॅम काहीही न टाकता उठला पाहिजे. त्या अटीत हा निर्णय योग्य आहे.

मग प्रत्येक उपकरणासाठी वेगळी फाइल. कॉन्फिगमध्ये 'डिफाइन' म्हणून उपकरण लिहिलं की त्या प्रकारची फाइल तेव्हाच लोड होते. तुमच्याकडे नसलेल्या शंभर उपकरणांची मॉड्यूल्स तुम्हाला टाकावी लागत नाहीत. हेही चांगलं.

खरी गडबड या फाइलींच्या आत आहे, कारण त्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या सवयींनी लिहिलेल्या आहेत. एमक्यूटीटीचं उदाहरण बघा. सेन्सरचे संदेश वाहून नेणारी ही पद्धत. फेमच्या जुन्या एमक्यूटीटी फाइलला सीपॅनवरचं नेट-एमक्यूटीटी लागायचं. त्याला मॉड्यूल-प्लगेबल लागायचं. आणि मघाशी सांगितलं ते आठवा: मॉड्यूल-प्लगेबल ५.२० मध्ये कोअरमधून गेलं. म्हणजे फेम बदललं नाही, एमक्यूटीटी फाइल बदलली नाही, तुमचा सेन्सर बदलला नाही. तरी नव्या पर्लवर तिसऱ्या पिढीचं एक मॉड्यूल गायब. नंतर फेममध्ये एमक्यूटीटी-टू नावाची नवी फाइल आली. ती ही वरात टाळते, प्रोटोकॉल स्वतःच बोलते. मी हीच वापरते.

इथपर्यंत फेमवर माझी तक्रार नाही. मॉड्यूल नव्हतं, प्रोग्रॅमने तसं सांगितलं, आपण टाकलं. त्रास झाला, पण खोटं काही झालं नाही.

तीन प्रकारचे पर्यायी रस्ते

माझी तक्रार दुसऱ्या एका सवयीवर आहे. ती फेममध्ये जागोजागी दिसते, आणि एकट्या फेमची नाही, आपल्या सगळ्यांच्या कोडमध्ये आहे. 'इव्हॅल'च्या आत मॉड्यूल मागायचं. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर चूक गिळून पुढचा रस्ता धरायचा. लेखाच्या शीर्षकात लिहिलं ते हेच: नसेल तर चालवून घे.

सरसकट 'हे वाईट' म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. मला यात तीन वेगळे प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: उत्तर तेच, वेग वेगळा. फेमच्या कित्येक फाइलींत जेसनसाठी एक लांबलचक शिडी दिसते. आधी जेसन-मेबीएक्सएस बघ, नसेल तर साधं जेसन, मग सीपॅनेल-जेसन-एक्सएस, मग जेसन-एक्सएस, शेवटी जेसन-पीपी. शेवटचं ५.१४ पासून कोअरमध्येच आहे, म्हणून शिडीला तळ आहे. सी भाषेतलं मॉड्यूल मिळालं तर काम झटपट होईल, नाही मिळालं तर सावकाश होईल. घरातल्या दिव्याला काय फरक पडतो?

दिव्याला पडत नाही. मोजमापाला थोडा पडू शकतो. ही मॉड्यूल्स एकमेकांची हुबेहूब नक्कल नाहीत. एखादी किंमत आकडा म्हणून लिहायची की शब्द म्हणून, दशांश कसे छापायचे, याबाबत त्यांच्या रीती काही ठिकाणी वेगळ्या आहेत. तरी हा प्रकार मी मान्य करते, एका अटीवर: शिडीची कोणती पायरी वापरली ते लॉगमध्ये एका ओळीत लिहा. मी वाचलेल्या फाइलींत तेवढी ओळ दिसली नाही.

दुसरा प्रकार: काम तेच, हमी वेगळी. फेमचं वेब पान सुरक्षित एचटीटीपीएसवर चालवायला सांगितलं आणि त्यासाठी लागणारं एसएसएलचं मॉड्यूल यंत्रावर नसलं, तर फेम लॉगमध्ये 'मॉड्यूल लोड झालं नाही, एचटीटीपीवर उतरतो आहे' अशा अर्थाची ओळ लिहितं आणि उतरतं. इथे निदान ओळ तरी आहे. पण मागणी काय होती? दाराला कुलूप. मिळालं काय? लोटलेलं दार आणि वहीत एक नोंद. वही कोण वाचतं? माझ्या मते इथे प्रोग्रॅमने ते पान उघडूच नये. दार उघडत नाही म्हटल्यावर माणूस पाच मिनिटांत वही वाचायला येतो.

तिसरा प्रकार: अर्थच वेगळा. याचं उदाहरण देण्यासाठी मला फेममध्ये शोधावं लागलं नाही. ते मीच लिहिलं होतं.

माझे एकोणीस दिवस

फेममध्ये स्वतःची फंक्शन्स लिहायला '९९' ने सुरू होणारी एक फाइल ठेवतात. ती सुरुवातीलाच आपोआप लोड होते. त्यात मी सेन्सरचा आकडा आला की वेळेसह एका सीएसव्ही फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन ठेवलं होतं. वेळेसाठी डेटटाइम मॉड्यूल आणि 'एशिया-कोलकाता' असा स्पष्ट उल्लेख. आणि इतरांचं बघून बघून मीही इव्हॅल लावला होता: डेटटाइम नसेल तर यंत्राची साधी लोकल वेळ घे. लिहिताना वाटलं, काय हुशार आहे मी, कोड कुठेही अडणार नाही.

एप्रिलात लाइट गेली-आली आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं. घाईत टाइमझोन यूटीसीच राहिला. फेम टाकलं, माझी फाइल कॉपी केली, सेन्सर बोलायला लागले, सीएसव्ही भरायला लागली. सगळं हिरवं. डेटटाइम टाकायचं राहून गेलं होतं, कारण मला त्याची आठवण करून देणारं काहीच नव्हतं. आठवण करून देणारी चूक मीच गिळून टाकली होती.

आता बघा काय झालं. नोंदीतली वेळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. मी रात्र म्हणून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा घेत होते. प्रत्यक्षात मी मोजत होते रात्री साडेअकरा ते सकाळी साडेअकरा. त्यात एप्रिलमधल्या सकाळचे पाच तास आले. सकाळी ऊन पडलं की टिन झटक्यात तापतं, स्लॅबला वेळ लागतो. सरासरी काढली तर टिनाची घरं 'रात्री' स्लॅबच्या घरांपेक्षा गरम निघाली.

आणि मला तो निष्कर्ष पटला! टिन म्हणजे गरम, हे डोक्यात पक्कं होतंच. तासातासाचा आलेख काढला असता तर पहाटेनंतर चढणारी रेघ लगेच दिसली असती. मी फक्त सरासरी बघितली. सहामाही प्रगती अहवालाची स्लाइडसुद्धा तयार झाली.

चूक पकडली ती ज्यांच्या टिनाच्या घरात सेन्सर लावला होता त्या काकूंनी. सेन्सरची बॅटरी बदलायला गेले होते, बोलता बोलता निष्कर्ष सांगितला. त्या हसल्या. "काहून वं पोरी, पहाटी त टिनाखाली चादर लागते. स्लॅबवाल्याच्याच घरी रातभर भिताडं तापलेली रायते. तुया मशीनले इचार काय झालं ते."

घरी येऊन मशीनला विचारलं. फेमच्या स्वतःच्या लॉगमधली शेवटची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ शेजारी ठेवलं. साडेपाच तास.

एकोणीस दिवसांच्या नोंदी गेल्या नाहीत. फरक ठरावीक होता, लॅपटॉप बदलल्याची तारीख माहीत होती, वेळ पुढे सरकवून सगळं पुन्हा काढलं. निष्कर्ष उलटला. काकू म्हणाल्या तसं: स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्रभर सोडतो, पातळ टिन लवकर निवतं. भौतिकशास्त्र पदवीलाच शिकले होते. पण फरक ठरावीक नसता तर? एखाद्या शिडीने काही किंमती गोल केल्या असत्या, तर? ते सरकवून परत आणता येत नाही.

इव्हॅल न लावता वर साधं 'यूज डेटटाइम' लिहिलं असतं तर काय झालं असतं? माझी फाइल लोडच झाली नसती, सीएसव्ही रिकामी राहिली असती, संध्याकाळी मी लॉग उघडला असता आणि पहिलीच ओळ म्हणाली असती, डेटटाइम सापडलं नाही. एक दिवस गेला असता. चुकीच्या एकोणीस दिवसांपेक्षा रिकामा एक दिवस कितीतरी परवडला.

फेमने केलेली दुरुस्ती आणि तिची मर्यादा

फेमच्या लोकांना हा प्रश्न माहीत नाही असं नाही. आता एखाद्या फाइलच्या आतच 'मेटा' नावाचा भाग लिहिता येतो. या फाइलला कोणती मॉड्यूल्स लागतातच, कोणती असावीत, कोणती असली तर बरं, असे तीन थर त्यात नोंदवता येतात. 'इन्स्टॉलर' नावाचं मॉड्यूल ते वाचून यंत्रावर काय कमी आहे ते सांगतं. डॉकरची तयार प्रतिमाही आहे. तिला कोणती डेबियन पॅकेजेस आणि कोणती सीपॅन मॉड्यूल्स हवीत ते सुरू करतानाच यादी देऊन सांगता येतं.

कल्पना अगदी योग्य आहे. 'लागतंच' आणि 'असलं तर बरं' हा फरक लिहायला लागला की लेखकाला विचार करावाच लागतो: हे नसलं तर अर्थ बदलतो की फक्त वेग? पण हा मेटा भाग लिहिणं लेखकाच्या मर्जीवर आहे. ज्या फाइलीत तो नाही, तिच्याबद्दल इन्स्टॉलर खात्रीने सांगणार तरी काय?

दुसरी मर्यादा आवृत्त्यांची. फेमची 'व्हर्जन' कमांड लोड झालेल्या फेमच्या फाइलींच्या आवृत्त्या नीट दाखवते. सीपॅनवरून आलेल्या मॉड्यूल्सच्या नाही. 'अपडेट' कमांड तुम्हाला आजच्या ताज्या फाइलींवर आणून ठेवते. घरासाठी हे बरोबर. पण सहा महिने चालणाऱ्या प्रयोगाच्या मधोमध 'अपडेट' दाबणं म्हणजे अर्ध्या नमुन्यांनंतर तराजू बदलणं. दोष फेमचा नाही; ते घरासाठी बनवलं आहे. प्रयोगाला वापरतो आपण, तेव्हा उरलेली जबाबदारी आपली.

मग करायचं काय

मला दोन्ही प्रोग्रॅममधलं चांगलं ते हवं आहे. मिस्टरहाउसचं 'सोबत ने' आणि फेमच्या मेटाचं 'लिहून ठेव'. पर्लच्या जगात त्यासाठी अवजारं आहेत, नवीन काही शोधायचं नाही.

'सीपॅनफाइल' नावाच्या साध्या फाइलमध्ये लागणारी मॉड्यूल्स लिहायची. लक्षात ठेवा, पर्लमध्ये नुसता आवृत्तीचा आकडा लिहिला तर अर्थ होतो 'निदान एवढी', 'हीच' असा नाही. म्हणून 'कार्टन' हे अवजार वापरायचं. ते मॉड्यूल्स प्रकल्पाच्या फोल्डरातच टाकतं आणि मागून आलेल्या वरातीसकट प्रत्येकाची नेमकी आवृत्ती एका स्नॅपशॉट फाइलमध्ये लिहितं. पेपर छापताना ही फाइल सोबत द्या. हीच ती पावती, जी मिस्टरहाउसच्या फोल्डरात नव्हती.

आमच्यासारख्या ठिकाणी आणखी एक सोय महत्त्वाची. 'कार्टन बंडल' म्हटलं की सगळ्या मॉड्यूल्सचे मूळ गठ्ठे एका फोल्डरात उतरतात. मग नेट नसलेल्या यंत्रावरही त्यातून टाकता येतात. सी भाषेतला भाग तिथल्या तिथे कंपाइल होतो, म्हणजे मिस्टरहाउसची दुसरी अडचणही बरीचशी सुटते. कंपाइलर तेवढा आधी टाकून ठेवा. एकट्या डेटटाइमच्या मागे किती मॉड्यूल्स येतात ते एकदा बघा, म्हणजे हे काम नेट असतानाच का उरकायचं ते कळेल.

पर्लची आवृत्तीही लिहा. डेबियन बस्टरमध्ये ५.२८ होतं, बुल्सआयमध्ये ५.३२, बुकवर्ममध्ये ५.३६. 'डेबियन वापरलं' एवढं पुरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला कोणतंही अवजार लागत नाही. प्रयोग सुरू करायच्या आधी एकदा कोऱ्या यंत्रावर तो उभा करून बघा. मित्राचा लॅपटॉप मागा, डिपार्टमेंटमधला धूळ खात पडलेला पीसी घ्या. जे जे आठवणीने टाकावं लागलं, ते ते तुमच्या कागदावर नव्हतं. माझी ही तालीम हार्ड डिस्क गेली तेव्हा आपोआप झाली, पण मी तिला तालीम समजले नाही. यंत्र हिरवं दिसलं आणि मी पुढे गेले.

आता माझ्या त्या फाइलमध्ये 'यूज डेटटाइम' सरळ वरती आहे, इव्हॅल नाही. सुरू होताना ती पर्लची आवृत्ती, मॉड्यूल्सच्या आवृत्त्या आणि टाइमझोन सीएसव्हीच्या पहिल्या ओळींत लिहिते. प्रत्येक नोंदीच्या वेळेपुढे अधिक साडेपाच असं छापते. एवढ्याला दहा-बारा ओळी लागल्या.

मुलाखतीत किंवा आरएसीत तुम्हाला कोणी मेथडॉलॉजी विचारली तर सेन्सरची अचूकता, नमुन्यांची संख्या, सांख्यिकी चाचणी हे तुम्ही सांगालच. त्यासोबत हेही सांगता आलं पाहिजे: या प्रोग्रॅमला हवं ते मिळालं नाही तेव्हा तो थांबतो की चालवून घेतो, आणि चालवून घेतलं तर आकड्याचा अर्थ तोच राहतो का. आज रात्री तुमच्या कोडमध्ये 'इव्हॅल' हा शब्द शोधा. पायथन वापरत असाल तर 'ट्राय' शोधा, आर वापरत असाल तर 'ट्रायकॅच'. जिथे सापडेल तिथे शेजारी एका ओळीत लिहा: इथे चूक गिळली तर काय बदलतं, वेग, हमी की अर्थ? जिथे उत्तर 'अर्थ' येईल, ती ओळ आजच काढून टाका.

स्लाइड मी बदलली. अहवालात काकूंचे आभार मानले आहेत, नाव न घालता, कारण त्यांनी घालू नको म्हटलं.